कृत्रिम गिलाव्याच्या बाह्यभिंतींची स्वच्छता
दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विकसित झालेला आणि १९६९ पासून अमेरिकेत वापरात आलेला कृत्रिम गिलावा दिसायला भक्कम, पण असतो नाजूक: आत थर्माकोलचे तक्ते, त्यांवर काचतंतूंची जाळी व लेप, सर्वांत वर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर. जोरदार फवाऱ्याने हा थर फुटतो आणि आत शिरलेले पाणी सहजी वाळत नाही. म्हणून धुण्याआधी तडे व खिडक्यांभोवतीचे सांधे बुजवून घेतात. शेवाळ आणि बुरशीवर सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण खालून वर लावतात, म्हणजे ओघळांचे डाग राहत नाहीत; ते भिंतीवर वाळू न देता कमी दाबाच्या पाण्याने धुतात. घासायचेच तर मऊ ब्रशने. गरम पाणी टाळतात, कारण त्याने अ‍ॅक्रिलिक मऊ पडते. हायपोक्लोराइटच्या द्रावणात आम्ल मिसळणे जिवावर बेतू शकते, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो.