वांद्र्याचा मुक्काम

सोव्हिएत रशियातून सुटलेल्या पोलिश मुलांची पहिली तुकडी अश्काबाद, मशहद, क्वेट्टा असा प्रवास करून एप्रिल १९४२ मध्ये मुंबईस पोचली. तिला वांद्र्यात, म्हणजे तेव्हाच्या शहरहद्दीबाहेर, उतरविण्यात आले. त्याच महिन्याच्या आरंभी जपानी विमानांनी कोलंबो व विशाखापट्टणम येथे बाँब टाकले होते. युद्धातून निसटलेली मुले अशा रीतीने युद्धाच्याच दुसऱ्या किनाऱ्याला लागली. पुढे उन्हाळा सरल्यावर ती जामनगरजवळील बालाचडीस गेली.

बालाचडी आणि कोल्हापूरजवळचे वळिवडे (१९४३-४८, सुमारे ५००० पोलिश) यांच्याभोवती आठवणींचे साहित्य उभे राहिले. वांद्रे त्यात सहसा एखाद्या उपवाक्यापुरतेच येते. हा केवळ विस्मृतीचा दोष नव्हे. आत्मकथनाच्या घाटातच तो आहे. कथनाला प्रस्थान हवे आणि वसाहत हवी; मधला मुक्काम त्याला अडगळ वाटतो. वास्तविक उपाशी, आजारी मुलांना पुन्हा अन्नाची आणि झोपेची सवय लागते ती अशा मुक्कामी.

आपला 'निर्वासित' हा शब्दही घालवून देणाऱ्याच्या कृतीवरून घडला आहे. दार उघडणाऱ्याचा त्यात मागमूस नाही. फाळणीनंतर मुलुंडच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनाही आपण तोच चिकटविला. 'आश्रित' म्हणावे, तर त्यात उपकाराचा दर्प येतो.

मुलांच्या या स्थलांतरात सहभागी झालेल्या गायिका हांका ओर्दोनुव्हना यांचे पुस्तक १९४८ साली बैरूतमध्ये टोपणनावाने निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'भटकी मुले'.