पूर कुणी आणला?

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पावसाळ्यात हे आकडे सांगलीकरांच्या मोबाईलवर सतत येत असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा लोकांच्या तोंडी एक नाव होतं, अलमट्टी.

कर्नाटकातलं हे धरण, सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेवरच. तिथं पाणी अडवलं की फुगवटा मागे येतो आणि आपण बुडतो, हे २००५ च्या महापुरापासून इथं बोललं जातं. २०१९ नंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. २०२० च्या अहवालात तिने सांगितलं, पूर अलमट्टीमुळे आला नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं बघा. लोकांना पटलं? फारसं नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध म्हणून २०२५ मध्येही आंदोलनं झाली.

बाहेरचा माणूस म्हणेल, अडाणीपणा. मला तसं वाटत नाही. जरा वर, सातारा जिल्ह्यात चला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणात पाणी साठायला लागून काही वर्षंच झाली होती. धरणामुळे भूकंप झाला का, यावर तज्ज्ञांतच मतभेद होते. आज मात्र जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात. ज्या खोऱ्यानं हे पाहिलंय, ते एका अहवालावर लगेच कसा विश्वास ठेवेल?

पण यात एक गोम आहे. धरणाला दरवाजे असतात. ते उघडा म्हणून मागणी करता येते, मोर्चा नेता येतो. अरबी समुद्रावर मोर्चा कसा नेणार? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्यात, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावावर दरडी कोसळल्या. तिथं अलमट्टीकडे बोट दाखवताच येत नाही.

आणि द्राक्षवाले? तासगावकडे 'वातावरण खराब आहे' म्हणजे ढग आलेत, डावणी येणार, पंप काढा. 'हवामान बदल' हा शब्द तिथं कमी ऐकू येईल. छाटणीनंतर पाऊस झाला तर फवारण्या किती वाढल्या, औषधाचं बिल किती आलं, हे मात्र बागायतदार तोंडपाठ सांगतो.

तुमच्या गावात २०१९ चा पूर कुणी आणला असं म्हणतात? कमेंटमध्ये नक्की लिहा.