वेडेलिया: बागेतली ही पिवळी फुलं झुडपांच्या मुळावर का उठतात आणि ती काढायची कशी?

सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याच्या दुभाजकावर जमिनीलगत पसरलेली चकचकीत हिरवी पानं आणि त्यावर डेझीसारखी पिवळी फुलं तुम्ही पाहिली असतील. ही वेडेलिया. देखभाल कमी लागते आणि जमीन झटपट झाकते, म्हणून ती सर्रास लावली जाते. पण हीच वेल पुढे जास्वंद, तगरीच्या झुडपांत घुसते आणि निघता निघत नाही.

वेडेलिया मूळची कुठली?

स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा हे तिचं शास्त्रीय नाव. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. 'आययूसीएन'च्या जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे.

आपल्याकडचा औषधी पिवळा माका तिचाच नातेवाईक, त्यामुळे गल्लत होऊ शकते. माक्याची पानं अरुंद असतात. वेडेलियाच्या पानांना बहुधा तीन टोकं दिसतात.

ती इतकी पसरते कशी?

बियांपेक्षा खोडापासून. तिच्या खोडाचं प्रत्येक पेर जमिनीला टेकलं की मुळं धरतं. म्हणूनच कोयत्याने किंवा ग्रास कटरने छाटणी केली, तर ती कमी होण्याऐवजी वाढते. मातीत पडलेला पेराचा तुकडा म्हणजे नवं रोप. दाट थरामुळे झुडपांच्या वाट्याचं पाणी आणि खत ती घेते, शिवाय खाली दुसरं रोप रुजू देत नाही.

काढायची कशी?

१. पाऊस थांबल्यावर, माती ओलसर असतानाच काम सुरू करा. भर पावसात राहिलेले तुकडे लगेच रुजतात.

२. कडेपासून झुडपाच्या बुंध्याकडे या. खुरप्याने पेरं हलकेच उचलून मुळांसकट काढा. खोल खणू नका, झुडपाची वरची मुळं दुखावतात.

३. मोकळ्या जागेवर पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चढवून अंथरा. त्यावर तीन-चार इंच सुका पालापाचोळा टाका. बुंध्याभोवती मात्र थोडी जागा सोडा.

४. दर पंधरा दिवसांनी पाहणी करून नवे फुटवे उपटा. पुढचा पावसाळा संपेपर्यंत हे चालू ठेवा. लोक बहुतेकदा इथेच कंटाळतात आणि वेल परत येते.

तणनाशक मारावं का?

झुडपांच्या मध्ये नकोच. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानांवर उडालं, तर झुडूपही जळू शकतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांमार्फतच करण्याची अधिसूचना काढली.

उपटलेल्या वेलीचं काय करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ती ओली असताना कंपोस्टच्या खड्ड्यात, नाल्याकाठी किंवा टेकडीवर टाकू नका. तिथे ती रुजली, तर उपटायला कुणीच येत नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किंवा गच्चीवर पसरून कडक उन्हात कुरकुरीत वाळू द्या, मगच टाका.

रिकाम्या जागेवर पालापाचोळा राहू दिला तरी चालतो. हिरवळ हवीच असेल, तर ओलसर सावलीत मंडूकपर्णी लावता येते. तीही पसरते, पण ती इथलीच आहे आणि तिची भाजीही होते.