इंदूरची 'वाढ' आणि आपला अर्ज

इंग्रजीतील 'इन्क्रीज' या एका शब्दासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे स्थान ठरलेले आहे. पगारात वाढ होते, पदात बढती मिळते, ज्ञानात भर पडते, वनांचे संवर्धन होते. भूसंपादनाच्या दाव्यात आम्ही वकील 'वाढीव मोबदला' मागतो; 'संवर्धित मोबदला' कोणी मागत नाही.

या शब्दांचा इतिहास पाहावयाचा तर इंदूरकडे वळावे. संस्कृत 'वृध्' धातूपासून प्राकृतात 'वड्ढइ' झाले. त्यातून मराठीचे 'वाढणे' आले आणि हिंदीचे 'बढ़ना'. या दोघी बहिणी इंदुरात एकाच गल्लीत नांदल्या. मराठी घरात नारळ 'वाढवतात', बांगडी 'वाढते'. शेजारचा हिंदी दुकानदार रात्री दुकान 'बढ़ाता' है. फुटणे, बंद होणे हे अशुभ शब्द दोघींनीही वृद्धीच्या शब्दाने झाकले. मात्र पानात जेवण 'वाढणे' हा अर्थ मराठीचाच. हिंदीत त्याला 'परोसना' म्हणतात.

1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. मराठेशाहीच्या मोडी दफ्तरांत वाढीस 'इजाफा' हा फार्सीतून आलेला शब्द होता. आज तोच शब्द हिंदी वृत्तपत्रांत सुखाने नांदतो आणि मराठी वाचकाला परका वाटतो. शब्दांना जन्मभर एकच घर असते, असे नाही.

1917, 1935 आणि 2001 साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. 1918 मध्ये तेथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही झाले. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मध्य प्रदेशात आले. कचेरीची भाषा हिंदी झाली. 'वाढीव', 'मुदतवाढ', 'वेतनवाढ' यांना तेथे काम उरले नाही. पंगतीतले 'वाढणे' तेवढे घरात टिकले.

सीमाबांधवांनो, यातील बोध स्पष्ट आहे. कचेरी गेली की भाषा मरत नाही, पण तिचे अर्थ एकेक करून कमी होतात. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा मुदतवाढीचा पुढचा अर्ज मराठीतच लिहावा. शब्द वापराने वाढतो.