घटिकापात्र: घडवण्याचे माप की पारखण्याचे?

अहोरात्राचे 60 भाग केले की एक घटिका 24 मिनिटांची होते. ती मोजण्यासाठी भारतात शतकानुशतके तळाला छिद्र असलेले तांब्याचे, वाटीसारखे पात्र वापरले जाई. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते रिकामे सोडायचे. छिद्रातून पाणी आत शिरते आणि पुरेसे भरले की पात्र बुडते. मराठीत ‘घटका भरली’ म्हणतात ते यावरूनच.

पाणी गळणाऱ्या भांड्याचे घड्याळ यापेक्षा अवघड असते. त्यात पातळी उतरते तसा छिद्रावरचा दाब घटतो, प्रवाह मंदावतो आणि समान अंतरावरच्या खुणा समान काळ दाखवत नाहीत. बुडत्या पात्रात आतल्या व बाहेरच्या पाण्याच्या पातळ्यांतला फरक प्रवाह ठरवतो. पातळ पत्र्याचे, उभ्या भिंतींचे पात्र घेतल्यास हा फरक शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, कारण पात्राचे वजन बदलत नाही. आर्किमिडीजचे तत्त्व लावून ताळा करून पाहा, दोन ओळींचे गणित आहे. अर्धगोल पात्रात तो स्थिर नसतो, पण त्याने काही बिघडत नाही: मधली कोणतीच खूण वाचायची नसते, बुडण्याचा क्षण तेवढा टिपायचा असतो.

मग पात्र बरोबर 24 मिनिटांनीच बुडावे कसे? आठव्या शतकातील लल्लाने त्याचे घडवण्याचे माप दिले: तांबे 10 पळे, उंची 6 अंगुळे, तोंडाचा व्यास 12 अंगुळे, आणि छिद्र 3⅓ माषे सोन्याच्या 4 अंगुळे लांब सुईने पाडलेले. यातली सुई मला फार आवडते. वजन आणि लांबी ठरली की तारेची जाडी आपोआप ठरते. सूक्ष्ममापी नसताना बारीक व्यास सांगण्याची ही नामी युक्ती आहे.

तरीही भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (1150) ही कृती नाकारली. असे पात्र घडवणे कठीण, आणि त्या मापांमागे युक्तीही नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांची रीत साधी आहे: पात्र कोणत्याही मापाचे घ्या, एका अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. पात्र 72 वेळा बुडाले, तर एका बुडण्याचा काळ 20 मिनिटे.

आजच्या भाषेत हे कॅलिब्रेशन झाले. छिद्राची कड धारदार आहे की गोलसर, यावरही प्रवाह बदलतो. दोन तांबटांनी एकाच मापाने केलेली पात्रे सारखी चालतीलच असे नाही. भास्कराचार्यांनी अचूकतेचा भार तांबटाच्या हातावरून काढून आकाशावर टाकला. सूर्य पुन्हा त्याच जागी येईपर्यंतचा काळ हेच त्यांचे प्रमाण.

या रीतीत एक उणीव मात्र राहते. पाणी 10 अंश सेल्सियसवरून 30 अंशांवर गेले की त्याची श्यानता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, म्हणून लहान छिद्रातून ऊन पाणी काहीसे लवकर शिरते. पूर्ण अहोरात्रावर पारखलेले पात्र दिवसाची बेरीज बरोबर देईल. पण दुपारच्या घटिका आखूड आणि पहाटेच्या लांब निघतील. हिवाळ्यात पारखलेले पात्र वैशाखात पुन्हा पारखावे लागेल.