अंत्यकाळ (ख्रिस्ती विचार)

अंत्यकाळ किंवा शेवटचा काळ ही येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्याय यांविषयीची ख्रिस्ती धर्मातील संकल्पना आहे. तिचा विचार प्रामुख्याने शुभवर्तमाने, पौलाची पत्रे आणि प्रकटीकरण यांत आढळतो.

बायबलमधील आधार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायानुसार तो दिवस व ती घटका पित्याखेरीज कोणासही ठाऊक नाही. म्हणून श्रद्धावंतांना जागृत राहण्यास सांगितले आहे. २५व्या अध्यायातील न्यायाच्या वर्णनात भुकेल्यांना अन्न देणे, परक्यांना आश्रय देणे, आजाऱ्यांची व बंदिवानांची विचारपूस करणे हेच निकष ठरतात. पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सर्व गोष्टींचा शेवट जवळ आल्याचे सांगून लगेच परस्परांवर उत्कट प्रीती करण्याचा व कुरकुर न करता आतिथ्य करण्याचा उपदेश करतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काम सोडून बसणाऱ्यांची कानउघाडणी केलेली आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ साली मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलविले. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवांसाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे शिक्षणाबरोबरच शेती, विणकाम व छपाई शिकविली जाई.

१९०५ साली मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. सामूहिक प्रार्थना, पापकबुली आणि अन्य भाषांत बोलणे ही तिची लक्षणे होती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात शेवटच्या दिवसांत पवित्र आत्म्याचा वर्षाव होईल हे योएल संदेष्ट्याचे वचन उद्धृत केले आहे. त्याच्या आधारे अशा जागृतीचा संबंध अंत्यकाळाशी जोडला जात असे. अन्य भाषांचे दान रमाबाईंनी नाकारले नाही. मात्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अत्यावश्यक खूण प्रीती हीच होय, अशी भूमिका त्यांनी १९०७ साली मांडली.

जागृतीनंतरही दुर्बलांची सेवा हे संस्थेचे मुख्य कार्य राहिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे दीर्घ काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. अंताची प्रतीक्षा आणि आजचे कर्तव्य यांत विरोध न मानणाऱ्या ख्रिस्ती दृष्टीचे हे मराठी भूमीतील ठळक उदाहरण आहे.