उल्कावृष्टीच्या जुन्या नोंदी व त्यांचा उपयोग

शकावल्या व करिने छापतांना संपादक जो मजकूर निरुपयोगी म्हणून गाळतात, त्यांत उत्पातांच्या नोंदींचा क्रम पहिला लागतो. धूमकेतु दिसला, रात्रीं तारे तुटले, असल्या ओळी भोळ्या समजुतींत जमा होतात. हा प्रमाद आमच्याहि हातून घडला आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका खाजगी दफ्तरांतील शकावलीची नक्कल करीत असतां तारे फार तुटल्याची एक ओळ तिथिवारासह आढळली. ती सोडून आम्हीं पुढील लढाईची हकीकत उतरून घेतली. नंतर मूळ बाड वाळवीनें खाल्लें. लढाई अन्य साधनांतून ठाऊक आहे. ती तिथि मात्र गेली ती गेलीच.

अशा तिथीचें मोल काय, तें एका उदाहरणानें सांगतों. सन १८३३ च्या नोव्हेंबरांत, १२ व १३ तारखांमधील रात्रीं, उत्तर अमेरिकेंत उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. पुढें येल येथील गणिताचे अध्यापक ह्यूबर्ट न्यूटन (गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन तो निराळा) यांनीं १८६३-६४ सालीं अरबी, चिनी व युरोपीय बखरींतून अशाच वृष्टींच्या नोंदी जमविल्या. त्यांतील सर्वांत जुनी सन ९०२ ची. अघलबी अमीर इब्राहीम बिन अहमद याच्या मृत्यूशीं बखरकारांनीं तिचा संबंध जोडला होता. म्हणजे न्यूटन यांच्या हातीं आलें तें शकुनाच्या वेष्टनांतच आलें. त्यांनीं वेष्टन बाजूस सारून तारीख घेतली.

सन ९०२ ची वृष्टि ऑक्टोबरच्या १३ व्या तारखेच्या सुमारास आणि १८३३ ची नोव्हेंबरच्या १३ व्या. ९३१ वर्षांत एक महिन्याचा फरक! पैकीं ५ दिवस जुन्या व नव्या ख्रिस्ती पंचांगांतील भेदाचे. सुमारें १३ दिवस अयनचलनाचे, हें आपल्या ज्योतिषाचा ज्यास परिचय आहे त्यास सांगावयास नको. तरीहि जवळजवळ तितकेच दिवस उरतात. ते उल्काप्रवाहाच्या पाताच्या खऱ्या गतीचे असून ती गति वर्षास सुमारें ५२ विकला भरते. वृष्टि सुमारें ३३¼ वर्षांनीं परतते असें ठरवून न्यूटन यांनीं १८६६ चें भाकीत केलें, आणि तें युरोपांत खरें ठरलें. १८६७ सालीं ॲडम्स यांनीं गुरु, शनि व युरेनस यांच्या आकर्षणाचें गणित केलें. ३३¼ वर्षांत पात २८ कला सरकावा असें निघालें. जुन्या नोंदींवरून २९ येत होत्या. बखरीची व गणिताची इतकी गांठ क्वचितच पडते.

वराहमिहिरानें उल्कांचे पांच प्रकार सांगून, स्वर्गांत पुण्यफल भोगून खालीं पडणाऱ्यांचीं तीं रूपें होत असें म्हटलें आहे. आज त्या टेंपल-टटल धूमकेतूनें मागें टाकलेल्या धुळीचे कण ठरल्या आहेत. कण बारीक, पण वेग सेकंदास ७१ किलोमीटर. आपल्यावर वातावरणाचें छत्र असल्यानें ते वरच जळतात. चंद्रास तें छत्र नाहीं. १९९९ च्या नोव्हेंबरांत या प्रवाहांतील तुकडे त्याच्या काळोख्या भागावर आदळतांना दुर्बिणींतून चमका दिसल्या. कृत्रिम उपग्रहांचीहि तीच गत. युरोपचा ऑलिंपस उपग्रह १९९३ च्या ऑगस्टांत दुसऱ्या एका वृष्टीच्या वेळीं बेताल झाला व सांवरतांना त्याचें इंधन संपलें. कणाचा आघात सिद्ध झाला नाहीं, परंतु संशय तोच आहे. म्हणून १९९८ च्या नोव्हेंबरांत हबल दुर्बिणीचें तोंड प्रवाहाच्या दिशेपासून फिरवून ठेविलें होतें.

भाकीत चुकतेंहि. १८९९ सालीं लोक रात्रभर जागले आणि निराश झाले, कारण गुरूच्या आकर्षणानें प्रवाह बाजूस ओढला गेला होता. पुढें ॲशर व मॅक्नॉट यांनीं धूमकेतूच्या प्रत्येक फेरींतील धूळ निराळी धरून १९९९ च्या वृष्टीची वेळ कांहीं मिनिटांच्या अंतरानें वर्तविली.

ज्यांच्या संग्रहीं असली ओळ असेल त्यांनीं ती जशीच्या तशी उतरावी. शक गत कीं वर्तमान, मास अमान्त कीं पूर्णिमान्त, हें तपासावें. प्रहर दिला असल्यास तो मुळींच सोडूं नये. आपला वार सूर्योदयापासून चालतो, आणि ही वृष्टि तर बहुधा उत्तररात्रींच दिसते. तेव्हां आपल्या बुधवारची नोंद इंग्रजी तारखेनें गुरुवारीं पडेल.